टेलिफोनबाई गप्प बसतात

पेपरमिंटची तिसरी गोळी तोंडात टाकून टेलिफोनबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. जिभेला काहीतरी काम हवं. रिकामी जीभ म्हणजे संकट, हे त्यांना स्वतःलाच पक्कं ठाऊक होतं. समोरच्या हिरव्या टेबलाभोवती त्यांचे यजमान काठीच्या टोकाला खडू घासत फिरत होते. बिलियर्डसारख्या पूल खेळाच्या स्पर्धेची अंतिम फेरी, दोन्ही खेळाडूंनी एकेक डाव जिंकलेला. हा तिसरा जो जिंकेल त्याचा कप.

बाईंनी अठ्ठावीस वर्षं टेलिफोन ऑफिसात बोलण्याचाच पगार घेतला होता. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, बोलणं कुठलं थांबायला! यजमानांना सगळे घड्याळवाले म्हणत. ते दिवसभर दुकानात डोळ्याला भिंग लावून बसत आणि घरी आल्यावर ‘हं’ आणि ‘बरं’ एवढ्यावर संसार भागवत.

गेल्या वर्षी याच हॉलमध्ये, याच फेरीत बाईंनी घोटाळा केला होता. खेळ तसा सोपा. एकाने पट्ट्यांचे सात चेंडू पॉकेटमध्ये घालायचे, दुसऱ्याने एकरंगी सात, आणि आपले सात संपले की मगच काळा. घड्याळवाल्यांचा एक चेंडू कडेला राहिलेला, आणि हे आपले काळ्यावर नेम धरून वाकलेले! बाई ताडकन उठल्या.

"अहो, तुमचा एक राहिलाय!"

प्रेक्षकांनी खेळाडूला काही सांगायचं नाही, असा नियम. पंचांनी घड्याळवाल्यांची पाळी काढून घेतली, समोरच्याने उरलेले चेंडू धडाधड घातले आणि कप घेऊन गेला.

"वहिनी, शेवटच्या क्षणी सावरले असते हो ते," शेजारचा शिंपी जिन्यात म्हणाला होता. ते वाक्य वर्षभर बाईंच्या काळजात रुतून बसलं. "अगं, त्या दिवशी..." असं घड्याळवाल्यांनी दोन-चारदा सुरू केलं, पण बाई लगेच गॅसचा नंबर नाहीतर भाच्याचं लग्न काढत. बोलणी खायची हिंमत नव्हती, आणि चूक कबूल करायची त्याहून नव्हती.

यंदा त्या येणारच नव्हत्या. घड्याळवाल्यांनी चपला त्यांच्या पुढ्यात सरकवल्या आणि म्हणाले, "चल."

समोर खेळत होती दातांची डॉक्टरीण. तरुण, हसरी आणि हाताची भलतीच पक्की. तिचा नेम एकदाचा हुकला आणि घड्याळवाल्यांची पाळी आली. त्यांचे एकरंगी दोनच चेंडू उरले होते, मग काळा. बाईंचा जीव टांगणीला लागला.

घड्याळवाले वाकले. काठीचं टोक वळलं ते पॉकेटच्या तोंडाशी बसलेल्या पट्ट्याच्या चेंडूकडे!

आधीच्या दोन्ही डावांत त्यांच्या वाट्याला पट्ट्यांचे आले होते. तेच डोक्यात बसलेलं. गोळी बाईंच्या घशाखाली सबंध उतरली. ‘अहो’ अगदी ओठांवर आलं. त्यांनी रुमालाचा बोळा तोंडात कोंबला. पण तोंड बंद केलं तरी डोळे बोलतील, ही नवीच भीती! मग त्यांनी डोळेही गच्च मिटून घेतले.

फटका मारण्याआधी बायकोकडे एकदा बघायचं, ही घड्याळवाल्यांची जुनी खोड. त्यांनी बघितलं. पस्तीस वर्षांत ही बाई झोपेशिवाय कधी गप्प झाली नव्हती आणि डोळे मिटून तर कधीच बसली नव्हती. ते सावकाश सरळ उभे राहिले.

"पंच, माझे कुठले हो?"

"एकरंगी," पंच म्हणाले. विचारलं तर सांगायला त्यांना मुभा होती.

हॉलमध्ये हशा पिकला. बाईंनी एक डोळा किलकिला केला. एकरंगी पहिला गेला. दुसरा गेला. काळा पॉकेटच्या कडेवर क्षणभर रेंगाळला आणि टपकन आत पडला.

"डोळे मिटायला बंदी नाही ना हो?" घड्याळवाल्यांनी काठी खाली ठेवत विचारलं.

"मुळीच नाही," डॉक्टरीण त्यांचा हात हातात घेत खळखळून हसली. "आणि काकू, इतकं घट्ट मिटलेलं तोंड मी दवाखान्यातही पाहिलं नाही!"

कप घेऊन दोघं बाहेरच्या बाकावर येऊन बसले. उन्हात कप लखलखत होता. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गेल्या वर्षी माझ्यामुळे गेला हो," त्या एका दमात म्हणाल्या. "चुकलं माझं."

"तुझ्यामुळे? मी तर काळा मारणारच होतो. आधी काळा पडला की डाव तिथंच खलास."

"सावरला नसता तुम्ही?"

"छे! तो कडेचा चेंडू मला दिसलाच नव्हता. तू ओरडलीस म्हणून निदान एका पाळीवर भागलं. हरलो तो मीच."

"आणि हे आज सांगताय? वर्षभर माझा जीव जळतोय, अन्न गोड लागेना..."

"वर्षभर तेच सांगायला बघतोय गं," घड्याळवाले म्हणाले. "तू बोलू देशील तर ना!"

बाईंनी पेपरमिंटची नवी गोळी तोंडात टाकली. पदराने डोळे पुसले, हसू आवरेना. मग कप मांडीवर घेऊन त्या त्यांच्याकडे वळून बसल्या.

"बरं," त्या म्हणाल्या.

घड्याळवाल्यांनी घसा खाकरला आणि आजचा पहिला डाव पहिल्या फटक्यापासून सांगायला सुरुवात केली.