एकसष्ट बाभळी

तीन एकरांत एकसष्ट बाभळी. हा आकडा घरात सगळ्यांना पाठ होता, कारण आबा तो रोज सकाळी मोजून यायचे. त्यांच्या उजव्या डोळ्याला काहीच दिसत नव्हतं आणि डाव्याला माणूस आणि खांब यांतला फरक कळायचा, तोही माणूस हलला तर. तरी काठी टेकत शेतात जायचे, एकेका खोडावर हात ठेवायचे आणि परत येऊन ओसरीवर बसता बसता जाहीर करायचे, "एकसष्ट." जणू एखादी कंटाळून शेजाऱ्याकडे राहायला गेली असती.

धाकटी सून हे मुकाट ऐकून घ्यायची. थोरली शहरात होती. तिला झाडं फक्त फोटोत बघायची असल्यामुळे ती सगळीच आवडायची. पेरणं, खुरपणं, काढणं धाकटीच्या वाट्याला. बाभळी लहान होत्या तोवर ठीक चाललं. आता फांद्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या आणि खालच्या बाजरीला ऊन मागून घ्यावं लागत होतं. पूर्वी पंधरा पोती व्हायची. मागच्या साली नऊ झाली आणि यंदाचा रंग बघता आठ झाली तरी मिळवलं.

धाकटीचा नवरा ट्रकवर होता, पंधरा दिवसांनी घरी यायचा. मागच्या खेपेला चपला घालता घालता तो बोलून गेला की पुढच्या पेरणीपर्यंत काही जमत नसेल तर शेत ट्रॅक्टरवाल्याला कसायला देऊन टाकू. ट्रॅक्टरवाला माणूस चांगला, शब्दाला पक्का. अट एकच होती. शेतात एकही झाड नको, ट्रॅक्टर वळत नाही.

म्हणजे वीसेक झाडं गेली तर शेत राहणार आणि बाकीची चाळीसही राहणार. नाही गेली तर शेत जाणार आणि एकसष्टच्या एकसष्ट जाणार. एवढं साधं गणित, पण आबांना सांगणार कोण? सहा वर्षांपूर्वी थोरल्या मुलाने एका बाभळीची एक फांदी तोडली, तर आबा तीन दिवस जेवले नव्हते. तक्रार नाही, आरडाओरडा नाही. ताट पुढे सरकवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. तेव्हापासून या घरात कुऱ्हाड शेण्यांच्या ढिगामागे ठेवायची पद्धत पडली होती. एका फांदीला तीन दिवस, तर वीस झाडांना किती, हे धाकटीने एकदा मनात मांडून बघितलं आणि अर्ध्यात सोडून दिलं.

शेवटी तिने चोरून करायचं ठरवलं. काढणी उरकली की आबांना महिनाभर थोरल्याकडे पाठवायचं आणि मागे काम आटपायचं. परत आल्यावर ते मोजतील, तेव्हाचं तेव्हा बघू. काढणीला आठ दिवस असताना, आबांचा दुपारी डोळा लागल्यावर, तिने जुनी लाल चादर फाडली, एकोणीस पट्ट्या केल्या आणि पाडायच्या झाडांना बांधून आली. आबा छातीच्या उंचीवर हात ठेवतात, म्हणून पट्ट्या गुडघ्याजवळ बांधल्या. स्वतःच्या हुशारीवर ती खूश झाली, नाही असं नाही. झाडंही निवडून घेतली होती. वाकडी, खुरटी, किडकी, बांधावर रेललेली अशी सगळी धरली आणि देखणी तेवढी सोडली. शेताच्या मधोमध एक सरळसोट, डेरेदार बाभूळ होती. पाहुणे आले की तिच्याखाली फोटो काढायचे. तिचा तर प्रश्नच नव्हता.

दोन दिवसांनी कुऱ्हाडवाला काम बघायला आला. शेतातून एक फेरी मारून तो मधल्या डेरेदार झाडापाशी थांबला आणि डोकं खाजवत म्हणाला, "वहिनी, लग्नातल्या नवरीला आधी घराबाहेर काढायचं म्हणता?"

झाडाला लाल पट्टी होती. छातीच्या उंचीवर, घट्ट गाठ मारलेली.

धाकटी या झाडापासून त्या झाडापर्यंत पळत सुटली. बांधावरची वाकडी मोकळी होती. किडकी मोकळी होती. तिच्या निवडीतल्या जेमतेम सहा झाडांवर पट्टी उरली होती, बाकीच्या भलतीकडेच जाऊन बसल्या होत्या. आणि चार झाडांना निळ्या चौकड्यांच्या पट्ट्या होत्या. आबांचा तो शर्ट तिने सात वर्षं धुतला होता.

आबांना कळलं, आता जेवण बंद. मग जरा दम खाल्ल्यावर दुसरा विचार आला. झाडं वाचवायची असतील तर माणूस पट्ट्या सोडेल. स्वतःचा शर्ट फाडून चार जास्त कशाला बांधेल?

आबा तेवढ्यात बाजरीतून येताना दिसले. एका हातात काठी, दुसरा हात कणसांवरून फिरत होता.

"गाठी फार सैल मारतेस," ते म्हणाले. "आणि खाली कशाला बांधल्यास? काठी अडकून पडलो असतो."

कुऱ्हाडवाला मन लावून बिडी शोधायला लागला.

आबांनी तिचा हात धरून तिला मधल्या झाडाखाली आणलं आणि तो हात बाजरीवर ठेवला. गुडघ्याएवढी होती. सात पावलं चालवलं, तरी गुडघ्याएवढीच. आठव्या पावलाला कणीस तिच्या छातीला लागलं.

"तू झाडाचं तोंड बघून निवड केलीस," आबा म्हणाले. "पिकाला विचारलंस का? ही बया दिसायला गोड आहे, पण चौघींचं एकटी खाते. आणि ती वाकडी कशाला पाडत होतीस? ती खडकावर उभी आहे, तिथे दुसरं काय उगवणार? निम्मी सावली तर शेजाऱ्याच्या रानात पडते. राहू दे की."

मग तिने विचारलं, की झाडांवर एवढा जीव आहे तर ही तेवीस पाडवतात कशी? त्यावर आबांनी खरं काय ते सांगितलं. रोपं लावताना निम्मी मरतील या हिशेबाने त्यांनी दुप्पट लावली होती. एकही मेलं नाही.

"रोज येऊन सांगतो, एकसष्ट," ते म्हणाले. "इतकी कशाला ठेवलीत, म्हणून एकाने तरी विचारलं? मला वाटलं, तुम्हा पोरांना आवडतात."

"आणि त्या फांदीपायी तीन दिवस जेवला नाहीत, ते?"

आबांनी गालावरून हात फिरवला. "दाढ दुखत होती."

"दाढ?"

"सांगितलं असतं तर थोरल्याने उपटायला नेली असती. आणि तुम्ही सगळे झाडांशी इतके शहाण्यासारखे वागायला लागलात, की मग सांगवेना."

धाकटी आधी हसली, मग पदराने डोळे पुसले, मग परत हसली. सहा वर्षं सगळं घर एका दाढेच्या धाकात राहिलं होतं. अंगावरचं ओझं उतरल्यावर तिला चक्क भांडायचा हुरूप आला. तेवीस फार होतात म्हणाली. गोठ्याकडच्या दोघींच्या शेंगांवर उन्हाळ्यात शेळ्या तगतात, त्या ती पाडू देणार नाही. आबा म्हणाले, बाजरी खाणार की शेळ्या पाळणार? ती म्हणाली, दोन्ही, म्हणून तर हा खटाटोप. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी ठरलं, त्या दोन राहतील, पण दरवर्षी पेरणीआधी त्यांच्या खालच्या फांद्या उतरवायच्या. साल सोलली जाऊ नये म्हणून फांदीला आधी खालून घाव घालायचा, आणि ते आबा स्वतः हात लावून तपासणार.

त्या दिवशी नवऱ्याचा फोन आला, तेव्हा शेत कुणाला द्यायचं नाही एवढंच तिने सांगितलं. बाकीचं समोरासमोर सांगण्यात जास्त मजा होती.

काढणी झाल्यावर आठवड्याने कुऱ्हाडवाला आला. आबा थोरल्याकडे गेले नाहीत. जरा लांब बसून कान देत राहिले आणि घाव चुकीचा पडला की घसा खाकरायचे. कुऱ्हाडवाल्याने दोनदा कुऱ्हाड त्यांच्यापुढे धरून, "घ्या, तुम्हीच करा," असं सुनावलं. मधली डेरेदार शेवटी आडवी झाली. धूळ खाली बसल्यावर आबा उठले, जिथे आजवर तिची सावली पडायची त्या सात पावलांच्या आत जाऊन थांबले आणि तळहात उताणा करून पुढे धरला. धाकटीनेही शेजारी उभं राहून हात धरला. चांगला चटका बसत होता.

कुऱ्हाडवाला लांबून बघत होता. "काय, पाऊस येतोय का?" त्याने विचारलं.

"नाही," धाकटी म्हणाली. "ऊन."