नाकशेठ आणि पालथेमास्तर

जुन्या सामानाच्या बाजारात त्यांना सगळे नाकशेठ म्हणत. कपाट असो, मेज असो, ते खण ओढत, आत तोंड घालत, एक लांब श्वास घेत आणि निकाल देत. शंभर वर्षांच्या लाकडाचा वास वेगळा, चहाच्या पाण्यात बुडवून परवा जुनं केलेल्याचा वेगळा. तीस वर्षं हे नाक चुकलं नव्हतं.

गेल्या थंडीत ताप आला आणि वास गेला तो गेलाच. देणाऱ्यानं दिलं, देणाऱ्यानं नेलं. मधल्या काळात माणूस ते स्वतःचं समजून मिशीला पीळ देत बसला, त्याला देव तरी काय करणार! नाकशेठनी बायकोलाही कळू दिलं नव्हतं. भाजी करपली तरी "फक्कड झालीय" म्हणत जेवत होते.

आज ते एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या खोलीत उभे होते. सोबत टेम्पो चालवणारा मेहुणा. भिंतीशी बाईंच्या सासऱ्यांचं लिहिण्याचं मेज.

"एक व्यापारी नकली म्हणून गेला," बाई म्हणाल्या. "सरपणाच्या भावानं मागतोय. महिनाअखेर ही खोली सोडायचीय. मेजाला नीट भाव आला तरच दुसरी मिळेल. आता तुम्ही म्हणाल ते खरं."

"भाऊजींच्या नाकापुढे कोण बोलणार!" मेहुण्यानं री ओढली.

नाकशेठनी खण ओढून डोकं आत घातलं. काही नाही. रिकाम्या माठात तोंड घालावं तसं. पुन्हा श्वास घेतला, इतका की छातीत कळ आली. देवा, एकदाच. या एका खणापुरतं. तरी काही नाही. अस्सल म्हणावं आणि नकली निघालं तर नाव मातीत. थंडीनंतर विकलेल्या दोन खुर्च्या गिऱ्हाइकांनी नकली म्हणून परत पाठवल्या होत्या. नकली म्हणावं तर बाई रस्त्यावर. "खण उलटा कर, तळ वाचायला शीक," असं वडील मरेपर्यंत सांगत होते. नाकशेठ हसले होते. कोपऱ्यावरचा दुकानदार खण पालथे करून बघायचा, तर त्याचं नाव यांनीच पालथेमास्तर पाडलं होतं.

"भाऊजी, आत झोप लागली की काय?"

डोकं बाहेर आलं तेव्हा डोळे भरले होते. "बाई, मला वास येत नाही. थंडीपासून."

मेहुणा बघतच राहिला. "मग ताईच्या भाजीला फक्कड...?"

"ते घरी बोलू."

बाईंनी उघडा खण आत ढकलला. "आता मी कुणाला विचारू?"

नाकशेठनी कोपऱ्यावरच्या त्या दुकानदाराला फोन लावून बाईंच्या मेजाबद्दल सांगितलं.  पालथेमास्तर म्हणाले, "तुम्ही? मला? येतो. पण बोलावलं कोणी, ते बाईंच्या देखत सांगायचं."

ते आले आणि बॅटरी घेऊन सरळ जमिनीवर आडवे झाले. एकेक खण काढून पालथा केला, तळावरून बोट फिरवलं. अर्धा तास. नाकशेठ दाराशी, परीक्षेच्या निकालाला उभ्या पोरासारखे.

"हाताच्या रंध्यानं तासल्याच्या लाटा आहेत, मशीन लागलेलं नाही. कडा वापरानं झिजल्यात. अस्सल आहे. मी घेतो, पूर्ण भावानं." मग मान वळवली. "हं. बोला."

"मी बोलावलं," नाकशेठ म्हणाले. "मला कळत नव्हतं, म्हणून."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. संध्याकाळपर्यंत हे बाजारभर होणार होतं, आणि उद्या दुकानाची पायरी कोण चढेल हे नाकशेठना ठाऊक नव्हतं.

"म्हणजे आपला टेम्पो रिकामाच न्यायचा?" मेहुणा कुजबुजला.

"नाही. मेज मास्तरांच्या दुकानी पोचवायचंय. धर ती बाजू. जपून."