सीटमागे एक जामीनदार

आमच्या पतपेढीच्या शाखेत माणसं दोन. मॅनेजरबाई आणि मी. मी कॅशियर. शिपायाची जागा मंजूर आहे, पण शिपाई मंजूर नाही. त्यामुळे कुलूप मी काढतो आणि झाडू ज्याला कचरा आधी दिसेल तो मारतो. बाईंना लांबचं नीट दिसत नाही, असं त्या सांगतात.

शाखा म्हणजे शिंपीकाकांच्या दुकानामागची खोली. आत यायचं तर त्यांच्या मशीनला वळसा घालून यावं लागतं, आणि जायचं तरी तसंच. त्यामुळे कुणाचं कर्ज नामंजूर झालं हे गावाला त्याच्या बायकोच्या आधी कळतं.

बाई हसत नाहीत. रागीट आहेत असं नाही. हसण्याचं खातं त्यांनी उघडलेलंच नाही, इतकंच.

त्या वर्षी गावाची बस बंद झाली. प्रवासी परवडत नाहीत, असा कागद थांब्यावर चिकटवून बस जी गेली ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे नेहमीप्रमाणे थांब्यावर येऊन उभे राहिले. कुणीतरी कागद मोठ्याने वाचून दाखवला. निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "ते ठीक आहे, पण वेळ तर झालीय." मग थोडा वेळ उभे राहून सगळे घरी गेले.

घाटापलीकडे शहर. मोठा दवाखाना तिकडे, कॉलेज तिकडे, बाजार तिकडे. आता राहिला एक जीपवाला. त्याची जीप भरल्याशिवाय हलायची नाही, आणि भरली म्हणजे काय, तर कुणाच्या तरी मांडीवर कुणीतरी अनोळखी बसलं पाहिजे. नर्सताईंनी एका बाळंतिणीला असंच नेलं. परत आल्यावर त्या म्हणाल्या, पुन्हा असं कुणाला नेणार नाही.

अशात एके दुपारी सावकाश शाखेत आला.

सावकाश हे त्याचं खरं नाव नाही. बंद झालेल्या बसचा तो ड्रायव्हर. घाटात कुणी "अहो, जरा दामटा की" म्हणालं, की तो म्हणायचा, "सावकाश." तेच नाव पडलं. कंपनीने त्याची बदली लांब केली, म्हाताऱ्या आईला सोडून तो गेला नाही, आणि नोकरी गेली. हेडमास्तर सगळ्यांना एकच विनोद ऐकवायचे, की इतर गावांना सावकार असतो, आपल्याला सावकाश आहे. हसून झालं की ते स्वतःच म्हणायचे, "पुरे."

सावकाशला एक जुनी मिनीबस घ्यायची होती. शहरातल्या मोठ्या बँकेने त्याला तारण विचारलं होतं. घर भावाच्या नावावर, जमीन कुणाच्याच नाही. "तुमच्याकडे आहे काय?" असं तिथल्या साहेबांनी विचारलं, तर हा म्हणाला, "लायसन." साहेबांनी त्याला पाणी पाजून परत पाठवलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा पुसला.

"गाडी कोण चालवणार?"

"मी."

"बसणार कोण?"

"आपलेच लोक की, मॅडम."

"सीटा किती?"

"अठरा."

"मग अठरा जण घेऊन या. सीटमागे एक जामीनदार. गाडी ज्यांना पाहिजे, त्यांनीच सही करायची."

"एवढे जामीनदार नियमात आहेत का?" मी हळूच विचारलं.

"दोनपेक्षा कमी नकोत, असं आहे. जास्त नकोत, असं कुठे आहे?"

सावकाश घरोघर फिरला. शिंपीकाकांनी मशीनवर बसल्या बसल्याच सही केली, कारण त्यांना कापड आणायला शहरात जावं लागे. नर्सताईंनी तर सावकाशचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही, पेनच हिसकावलं. हेडमास्तरांनी अर्जातल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या आणि मग सही केली. सतरा झाले. अठरावा काही मिळेना.

तेव्हा एक दिवस बाईंच्या सासूबाई शाखेत आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच घराबाहेर बघत होतो. मुलगा परदेशी नोकरीला, सून पतपेढीत, आणि या दिवसभर खिडकीत. त्या काठी टेकत मशीनला वळसा घालून आल्या आणि सुनेपुढे बसल्या.

"अठरावी मी."

"आई, तुम्हाला कुठे जायचंय?"

"कुठेही. खिडकीची सीट पाहिजे."

"सीट मिळत नसते. जामीन राहावं लागतं."

"मग राहते. तुझ्याकडे राहतेच आहे, तिथेही राहते."

त्यांच्या नावावर त्यांची स्वतःची ठेव होती, त्यामुळे अडवता येईना. बाईंनी अर्ज मुख्य कार्यालयाकडे पाठवला आणि सोबत स्वतंत्र कागदावर लिहिलं, की अठरावी जामीनदार माझी सासू आहे, तरी या कर्जाचा निर्णय वरच घ्यावा. वर कुणालाही निर्णय घ्यायची हौस नव्हती, म्हणून त्यांनी मंजूर करून टाकलं.

गाडी आली. निळी होती, पण कुठे कुठे आधीचा पिवळा दिसायचा. पहिल्याच फेरीला भानगड झाली. पलीकडच्या वस्तीवरचा एक पाहुणा हेडमास्तरांच्या जागेवर बसला.

"उठा. या सीटला मी जामीन आहे."

"मी तिकीट काढलंय."

"तिकीट आजचं. माझी जबाबदारी पाच वर्षांची."

शेवटी दोघे उभे राहून गेले आणि ती सीट घाटभर रिकामी होती.

खरा त्रास मात्र सावकाशला झाला. अठरा माणसांचा जीव त्याच्यात अडकला. त्याला शिंक आली की नर्सताई थर्मामीटर घेऊन हजर. एकदा तो घराच्या छपरावर चढला, तर शिंपीकाका कात्री हातात घेऊन तसेच धावत गेले. "उतर आधी! तू पडलास तर हप्ता काय मी भरू?" त्यांनी स्वतः वर चढून पत्रा बसवला. तो पुढे गळत राहिला, पण ते वेगळं. सावकाशचं लग्न ठरत होतं, तर मुलीला बघायला सहा जामीनदार गेले. मुलगी हुशार होती. तिने सावकाशला सोडून त्यांनाच प्रश्न विचारले.

सावकाशची आई म्हणाली, "मी एकटीने वाढवला तेव्हा कुणी विचारलं नाही. आता बघा, पोराला नऊ मामा आणि नऊ मावश्या."

आणि बाईंच्या सासूबाई रोज सकाळी गाडीत बसून शहरात जात आणि त्याच गाडीने परत येत. खाली उतरत नसत. मी विचारलं तर म्हणाल्या, "उतरून काय करू? तिकडे माझं कोण आहे? सगळे ओळखीचे गाडीतच असतात."

वर्षभर हप्ता वेळेवर आला. मग गिअरबॉक्स गेला.

दुरुस्तीत सावकाशचं होतं नव्हतं ते गेलं, आणि गाडी गॅरेजमध्ये. एक हप्ता चुकला, दुसरा चुकला. मुख्य कार्यालयातून साहेबांचा फोन आला. साहेब इतक्या मोठ्याने बोलत होते की मला आणि शिंपीकाकांना सगळं ऐकू येत होतं.

"बाई, गाडी ओढून आणा!"

"कुठे आणू, साहेब? ती चालत असती तर हप्ताच आला असता."

"मग जामीनदारांना नोटिसा काढा!"

बाईंनी अठरा नोटिसा काढल्या. वाटायला मीच. एक नोटीस बाईंच्याच घरची होती. सासूबाई जेवायला बसल्या होत्या, बाई वाढत होत्या. मी दारात उभा.

"दे इकडे," सासूबाई म्हणाल्या. चष्मा लावून त्यांनी सगळी वाचली. "'कठोर कारवाई' म्हणजे काय करणार गं तू?"

"ते छापील असतं, आई. भाजी देऊ?"

"दे. आणि कारवाई कर ती जेवण झाल्यावर कर."

गाव बाईंवर उखडलं. शिंपीकाकांनी बोलणं टाकलं. खोलीचं भाडं मागायलासुद्धा ते माझ्याशी बोलत, बाई समोर असताना. थांब्यावर हेडमास्तर मला म्हणाले, "तुमच्या बाईंना माणुसकी नाही." मी ते बाईंना सांगितलं नाही, पण ते त्यांच्या कानावर गेलंच. त्यांनी विचारलं, "माणुसकी म्हणाले की अक्कल?" मी म्हणालो, माणुसकी. "मग ठीक," असं म्हणून त्या कामाला लागल्या.

त्या आठवड्यात बाई उशिरापर्यंत बसायच्या. काय बघताय म्हटलं तर "आकडे" म्हणायच्या. पतपेढीत गावाची सगळी खाती. कुणाचे पैसे कुठे जातात हे त्यांना माहीत, पण एकाचं दुसऱ्याला सांगता येत नाही. तो नियम त्या झोपेतही मोडणार नाहीत.

गुरुवारी त्यांनी सावकाशला अकराला बोलावलं. दूध संकलन चालवणाऱ्या मावशींनाही अकरालाच बोलावलं. मावशी गावाचं दूध गोळा करून शहरातल्या डेअरीला पाठवायच्या, जीपवाल्याकडून. त्याचं भाडं दर महिन्याला चढत होतं, आणि तो उशिरा निघाला की दूध नासायचं. मावशी ते कुणाला सांगत नसत. उत्पादक चिडतील अशी त्यांना भीती.

दोघे आले. आमच्याकडे बाक एकच.

"बसा," बाई म्हणाल्या. "सर्व्हर बंद आहे."

मी माझ्या स्क्रीनकडे पाहिलं. सर्व्हर उत्तम चालू होता. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीन बंद केला.

पहिला अर्धा तास दोघे भिंतीवरच्या व्याजदराच्या तक्त्याकडे बघत बसले. मग मावशींनी विचारलं, "गाडी कधी निघणार गॅरेजमधून?"

"मेकॅनिक सोडेल तेव्हा. अर्धे पैसे द्यायचेत अजून."

"हं."

पलीकडे शिंपीकाकांचं मशीन थांबलं.

"सकाळच्या फेरीला टपावर काय असतं तुझ्या?" मावशींनी विचारलं.

"काही नाही. कधी एखादी सायकल."

"दुधाचे कॅन राहतील?"

सावकाशने बराच वेळ विचार केला. "सावकाश नेले तर राहतील."

"मला सावकाशच पाहिजे रे! तो मेला जीपवाला निम्मं दूध रस्त्यावर सांडतो!"

त्यानंतर दोघांनी आवाज चढवून भाड्यावर घासाघीस केली. मिटल्यावर मावशींनी तीन महिन्यांचं भाडं आगाऊ द्यायचं कबूल केलं. बाई डोकं खाली घालून लिहीत होत्या. शेवटी त्यांनी मान वर केली.

"सर्व्हर आला. बोला, काय काम होतं?"

"तुम्हीच बोलावलंत," मावशी म्हणाल्या.

"हो का? मग आठवेल तेव्हा सांगते."

दोघे गेले. बाईंनी हप्त्यांची संख्या वाढवून प्रत्येक हप्ता कमी करून द्यावा असा प्रस्ताव वर पाठवला. साहेबांचा फोन आला, की याला हमी काय. बाई म्हणाल्या, "दूध. ते रोज येतं." साहेबांनी रोजचं दूध किती ते विचारलं. मग मंजूर म्हणाले.

गाडी परत सुरू झाली. आता ती आधी संकलन केंद्रावर थांबे, मग थांब्यावर. कॅन टपावर पक्के बांधलेले आणि सावकाशचा वेग आणखी उतरलेला. कॉलेजच्या मुली कुरकुरल्या, पण त्यांना गाडीत अभ्यास करायला वेळ मिळू लागला. जीपवाल्याने दर निम्म्यावर आणला, तरी कुणी गेलं नाही. मग तोच एक दिवस कर्ज मागायला आला. त्याला पिठाची गिरणी टाकायची होती. बाईंनी त्याला दिलं.

शिंपीकाकांनी बोलणं पुन्हा सुरू केलं, तेही भाडं वाढवून मागण्यासाठी. बाईंनी वाढवलं नाही. संबंध पूर्ववत झाले.

सावकाशने कर्ज मुदतीच्या आधी फेडलं. मी अठरा जणांना पत्रं दिली, की आपण जामिनातून मुक्त आहात. लोक खूश होतील असं मला वाटलं होतं. हेडमास्तर तावातावाने शाखेत आले.

"मला मुक्त का केलं?"

"कर्ज फिटलं, सर," बाई म्हणाल्या.

"मग माझ्या सीटचं काय?"

"तिकीट काढा आणि बसा."

ते गेले नाहीत, तिथेच बाकावर बसून राहिले. तेवढ्यात नर्सताई अर्ज घेऊन आल्या. गावातल्या छोट्या दवाखान्याला जोडून दोन खाटांची एक खोली बांधायची, म्हणजे बाळंतिणीला रात्री घाट चढायला नको.

बाईंनी अर्ज वाचला. "जामीनदार?"

"किती लागतील?"

"खाटा किती म्हणालात?"

"दोन."

"एका खाटेला मी," हेडमास्तर बाकावरून म्हणाले.

"तुम्ही कशाला? बाळंतिणींची खोली आहे ती!" मशीनपलीकडून शिंपीकाका ओरडले. "चादरी मी शिवणार, तर जामीन मी राहणार."

"आणि दुसऱ्या खाटेला मी," दारातून सासूबाईंचा आवाज आला. गाडी नुकतीच परत आली असणार.

तिघांचं जुंपलं. माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत जामीन राहण्यावरून झालेलं हे पहिलं भांडण. बाईंनी घड्याळ बघितलं, डबा काढला आणि म्हणाल्या, "जेवणाची सुट्टी झाली. भांडण बाहेर करा, आणि जो जिंकेल त्याने येताना ओळखपत्र आणावं."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दार लावून घ्या."