चौदा-ए मधला टीव्ही

आमच्या घराला दार एक आणि बेल दोन. खालची माझी, वरची क्लाइव्हची. क्लाइव्ह म्हणजे माझा नवरा. अजून कागदोपत्री तरी आहे.

वरच्या बेलशेजारी त्याने पितळेचा एक 'ए' ठोकलाय. मी चौदा नंबरात राहते आणि तो चौदा-ए मध्ये. ग्रिम्स्बीच्या त्या सगळ्या गल्लीत असला नंबर दुसरा नाही. नगरपालिकेला ठाऊक नाही, पोस्टमनला पटत नाही, पण गडी शिडीवर चढला, स्क्रू पिळले आणि खाली उतरून लांबून बघत उभा राहिला. मी पडद्याआडून बघत होते. म्हटलं, बघ बाबा, डोळे भरून बघ.

भांडण कशावरून झालं ते सांगून टाकते, नाहीतर लोकांना वाटतं काहीतरी मोठं असणार. मेबलथॉर्पला समुद्राकाठी आमची एक कॅरॅव्हॅन होती, सुट्टीत राहायची चाकांवरची खोली. जुनी, गळकी, पण माझी. क्लाइव्हने ती गोदीतल्या आपल्या दोस्ताला विकली आणि मला सांगायचं विसरला. 'विसरलो' हा त्याचा शब्द. धुतलेले पडदे घेऊन मी बसने तिथे गेले, तर माझ्या खुर्चीत एक परकी बाई चहा पीत बसलेली. तिनेच मला सांगितलं. त्या दिवसापासून मी क्लाइव्हशी बोलले नाही. सुरुवातीला वाटलं, माफी मागेल. त्याला वाटलं असणार, ही विसरेल. असं करत करत दीड वर्ष गेलं. राग तर केव्हाच आटला होता. उरला होता तो नुसता थकवा, पण थकव्याचीसुद्धा सवय लागते.

माझं कंबरेचं दुखणं असल्यामुळे मी पुढच्या खोलीत खालीच झोपायचे. वरचा मजला आपोआप त्याचा झाला. न्हाणीघर मात्र खाली, स्वयंपाकघराच्या मागे. त्यामुळे दिवसातून चारदा तो माझ्या चुलीसमोरून जाणार, छताकडे बघत, जणू छतावर काही लिहिलंय. त्याचे कपडे मीच धुवायचे, कारण मशीनला त्याने हात लावला की मशीन बसतं. धुऊन जिन्याच्या पायरीवर ठेवायचे. कचऱ्याचा डबा तो बाहेर काढायचा. बाकी निरोप डॉन्कास्टरमार्गे. तिथे आमची मुलगी जोॲन राहते.

"तुझ्या बापाला सांग, गॅसवाला येणार आहे," मी फोनवर म्हणायचे.

"आई, तो तुझ्या डोक्यावर राहतो," ती म्हणायची. "मी तीन बस बदलून यायच्या अंतरावर आहे. तूच ओरडून सांग ना."

"मला घसा आहे का ओरडायला?"

"मग घर विका आणि वेगळे व्हा एकदाचे. माझे कान किटले."

किटले असतील. मलाही वीट आला होता. पण घर विकायचं तर आधी त्याच्याशी बोलायला हवं.

त्या उन्हाळ्यात जुनं प्रक्षेपण बंद होणार म्हणून सगळ्या गावाने नवे टीव्ही घेतले. क्लाइव्हनेही घेतला. दोन माणसं भलामोठा खोका घेऊन माझ्या भिंतीचा रंग खरवडत जिना चढून गेली. त्याच रात्री मी माझ्या टीव्हीचा आवाज वाढवला. मला कमी ऐकू येतं म्हणून नव्हे. तेवढंच त्याला टोचावं म्हणून. वरून मात्र कधी काही ऐकू आलं नाही. वाटलं, हेडफोन लावून बघत असेल. माझ्या कानी आपलं सुख पडू द्यायचं नाही, इतका तो पक्का.

मग पत्रं यायला लागली. 'चौदा-ए मध्ये राहणाऱ्यास.' आमच्याकडे टीव्ही बघायला दरवर्षी पैसे भरून लायसन्स काढावं लागतं. तेव्हा टीव्ही विकला की दुकानदाराने लायसन्सवाल्यांना कळवायचं, असा कायदा होता. आणि आमच्या शहाण्याने दुकानात पत्ता दिला चौदा-ए. लायसन्स घरामागे एक. घरात टीव्ही कितीही असोत, घर एक तर लायसन्स एक, आणि माझं मी दर ऑगस्टला न चुकता काढते. पण चौदा-ए च्या नावावर लायसन्स नाही. पत्रं मी जिन्याच्या पायरीवर ठेवायचे, धुतलेल्या मोज्यांवर. मोजे वर जायचे, पत्रं तिथेच.

शेवटी ऑक्टोबरात एका दुपारी लायसन्सचा माणूस आला. वरची बेल बराच वेळ वाजत राहिली, क्लाइव्ह काही हलला नाही, म्हणून मीच दार उघडलं. भिजलेला रेनकोट, पन्नाशीचा, एका पायावर भार देऊन उभा. नाव पिकर्सगिल.

"चौदा-ए?" त्याने विचारलं.

"तसं काही नाही," मी म्हटलं. "नुसता पितळेचा तुकडा आहे तो."

या माणसांना घरात घ्यायची सक्ती नाही. शेजारणी तर पडद्यामागे जमिनीवर आडव्या होतात. पण पावसात निथळणाऱ्या माणसाला दारात उभं ठेवून दार लावायचं, हे माझ्या आईने मला शिकवलं नव्हतं. मी किटली चढवली. माझा टीव्ही चालूच होता, दुपारचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम, नेहमीसारखा मोठ्याने.

पिकर्सगिल खुर्चीत बसला आणि त्याने टेबलाखाली हळूच बूट सैल केला.

"हे बघा बाई, सोपं आहे," तो म्हणाला. "वर राहतात ते कोण तुमचे?"

"नवरा."

"मग झालं. नवरा-बायको, एक घर. तुमचं लायसन्स आहे. मी तसं लिहितो आणि निघतो."

"एक घर नाही," मी म्हणाले.

त्याने बिस्किटाकडे जाणारा हात थांबवला.

"भाडं देतात का ते?"

"नाही."

"स्वयंपाक वेगळा?"

"चहा वर करतो. बाकी डबाबंद काहीतरी गरम करून खातो. चूल वेगळीच म्हणायची."

"न्हाणीघर?"

"तुमच्या पाठीमागे."

"कपडे कोण धुतं?"

"तुम्ही टीव्हीचे की धोब्याचे?"

त्याने डोळे चोळले. "बाई, सकाळपासून सतरा दारं माझ्या तोंडावर आपटलीत. तुम्ही एक चहा दिलात. मी तुमच्या भल्याचंच बोलतोय. एक घर म्हटलंत तर कोणालाच काही भरावं लागणार नाही. दोन म्हटलंत तर त्यांना स्वतंत्र लायसन्स काढावं लागेल. आता नीट विचार करून सांगा. एक की दोन?"

साधा प्रश्न. दीड वर्षात मला तो कोणी असा समोर बसून विचारला नव्हता. आणि लिहिणारा माणूस पेन धरून बसलाय म्हटल्यावर तो साधाही राहिला नाही. आज मी 'दोन' म्हटलं की ते सरकारात गेलं. उद्या जोॲन म्हणेल, बघ, तूच लिहून दिलंस, आता विका घर. चाळीस वर्षांचा संसार एका परक्या माणसाच्या कागदावर दोन तुकडे होऊन बसणार. 'एक' म्हटलं तर त्या मेबलथॉर्पच्या बाईला माझी खुर्ची मीच देऊन टाकल्यासारखं.

जिन्यावर फळी करकरली. म्हणजे स्वारी ऐकत होती.

"दोन," मी मोठ्याने म्हणाले.

"तिला सांगा, बरोबर आहे," जिन्यावरून आवाज आला. "दोनच!"

"त्याला सांगा, त्याला कोणी विचारलं नाही!"

"तिला सांगा, माझा टीव्ही, माझं लायसन्स, मी बघून घेईन. मला कोणाच्या सावलीत राहायचं नाही."

पिकर्सगिलने माझ्याकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं आणि चहा संपवला. "मी वर जाऊन यंत्र बघून येतो," तो म्हणाला. उठताना त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी रोज सकाळी काढते.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. सांगून मोकळी झाले होते, पण मोकळं काही वाटत नव्हतं. दीड वर्षात आमचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट मला रडू आलं. मी भांडं घासत बसले, स्वच्छच होतं ते.

बऱ्याच वेळाने पिकर्सगिल खाली आला. त्याचा चेहरा जरा चमत्कारिक झाला होता.

"त्यांना लायसन्स लागत नाही," तो म्हणाला.

"का? कोण लागून गेलाय तो?"

"टीव्ही खोक्यात आहे बाई. पट्टीसुद्धा फाडलेली नाही. खोक्यावर किटली ठेवलीय. वापरत नसलं तर लायसन्स लागत नाही, घर एक असो की दोन."

मला समजेना. "मग घेतला कशाला?"

"मी विचारलं. वर अँटेनाची वायर नाही. आणायची तर तुमच्या खोलीतून भोक पाडून न्यावी लागेल. त्यासाठी तुम्हाला विचारावं लागलं असतं."

हे मात्र शंभर टक्के क्लाइव्ह. विचारायचं नाही. कॅरॅव्हॅन विकताना विचारायचं नाही, वायर ओढताना विचारायचं नाही. खोका घरात आणून त्यावर चहा करेल, पण विचारणार नाही.

"मग रोज संध्याकाळी वर करतो काय?" मी विचारलं.

पिकर्सगिल रेनकोटाची बटणं लावत होता. सांगू की नको, असं त्याच्या मनात चाललेलं दिसलं.

"धुराड्याच्या भिंतीपाशी गालिचा गुंडाळून बाजूला सारलाय," तो म्हणाला. "तिथे जमिनीच्या उघड्या फळ्यांवर खुर्ची आहे. तुमच्या टीव्हीचं अक्षर न् अक्षर तिथे ऐकू येतं. मी त्यांच्याशी बोलत होतो तर त्यांनी मला गप्प बसवलं. प्रश्नाचं उत्तर सांगणार होते म्हणे."

"म्हणजे माझा टीव्ही ऐकतो तो? फुकट?"

"फळ्यांतून ऐकायला लायसन्स लागत नाही, बाई. नियमात कुठे नाही." तो हसला नाही. दाराशी जाऊन म्हणाला, "तो 'ए' काढून टाका मात्र. नाहीतर माझ्या जागी दुसरा येईल." आणि लंगडत पावसात निघून गेला. एक की दोन, हे त्याने शेवटी काय लिहिलं कोण जाणे. मी विचारलं नाही.

खरं सांगायचं तर मी आधी संतापले. उन्हाळ्यापासून मी ज्याला टोचायला आवाज चढवत होते, तो मजेत खुर्ची टाकून ऐकत होता! माझ्या मालिका, माझ्या बातम्या, बागकामाचं ते रटाळ काहीतरी. आणि कार्यक्रमाशी मी एकटी बडबडते तेही. मूर्ख माणसा, तिच्याशी लग्न करू नकोस, असं मी पडद्यावरच्या माणसाला सांगते ते. कंबर दुखते तेव्हा देवाला काय काय म्हणते ते. सगळं ऐकलंय त्याने. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

संध्याकाळी जेवण झालं. पुढच्या खोलीत जाऊन मी रोजच्यासारखी मालिका लावली. पाचेक मिनिटं बसले. पण आता छत कान देऊन बसल्यासारखं वाटायला लागलं. माझं लक्ष लागेना. ऐक आता काय ऐकायचं ते, असं म्हणून मी टीव्ही बंद केला. ऐन रंगात आलेल्या भांडणाच्या मध्ये.

घर एवढं शांत होतं, हे मी विसरूनच गेले होते. घड्याळ ऐकू यायला लागलं. पाऊस ऐकू यायला लागला. मी दिवासुद्धा लावला नाही. हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिले. फार दमले होते, दिवसाने नव्हे, दीड वर्षाने.

वर खुर्ची सरकली. मग काही नाही. मग पावलं, दारापर्यंत आणि परत. मग दार उघडलं. पावलं जिन्याच्या डोक्याशी येऊन थांबली. त्याला खाली यायला काही अडत नव्हतं, न्हाणीघराचं निमित्त होतंच. पण तो तिथेच उभा राहिला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. गोदीत जन्म काढलेल्या माणसाचा घरघरता श्वास.

"नोरीन?"

माझं नाव मी त्याच्या तोंडून ऐकलं त्याला किती काळ लोटला होता.

मी अंधारातच दाराकडे वळून बघितलं.

"नोरीन, बरी आहेस ना?" आता आवाज कापरा होता. "आवाज का बंद झाला? पडलीबिडली नाहीस ना? बोल की गं!"

म्हणजे तो मालिका ऐकत नव्हता. माझा टीव्ही चालू आहे, म्हणजे मी आहे, एवढंच तो ऐकत होता. रोज. माझ्या दुष्टाव्याचा आवाज ऐकून निवांत झोपत होता.

मला ओरडायला घसा नव्हता, तरी ओरडले.

"बरी आहे. खाली ये. वर तोंड करून बोलायला माझी मान मोकळी नाही."