धारेवरून उतरताना

मुलगा गेल्यानंतरच्या पहिल्या वसंतात किल्लीवाल्यांनी माळ्यावरून पुन्हा डोंगराचे बूट काढले, तेव्हा त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला.

"एकटे जाणार?"

"मग काय वाजतगाजत जाऊ?"

दरवर्षी बर्फ वितळून वाट मोकळी व्हायला लागली की बापलेक डोंगराच्या त्या लांब धारेवर चढून जायचे. सकाळी निघायचं, माथ्यावर डबा खायचा आणि दुपारी घरी येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसायचं. गर्दी सुरू होण्याआधी जाऊन यायचं हा मुलाचा हट्ट असे. तो गेला तो मात्र डोंगरावर नाही, दवाखान्यातल्या खाटेवर. दोन वर्षं आजाराने पोखरून काढल्यावर.

"मी जाते बाबांबरोबर," सून म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. त्या दिवशी तिने सुट्टी टाकली. सासूबाईंना हायसं वाटलं. सुनेच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. तिला सासऱ्यांशी एकटीने बोलायचं होतं. घरात ते जमत नव्हतं. दोन खोल्या आणि पुढच्या बाजूला कुलपांचं दुकान. एकाने उसासा टाकला तरी तिघांना ऐकू जायचा.

सुरुवातीचा चढ झाडीतून होता. झाडी संपली तिथे वनरक्षकाची लाकडी चौकी होती, दाराला कुलूप. किल्लीवाल्यांनी सवयीने ते हातात घेऊन पाहिलं.

"हे कुलूप म्हणजे नुसती शोभा. केसातल्या पिनेने उघडेल."

ती हसली. बऱ्याच महिन्यांनी दोघं एकत्र हसले असतील. पुढे धार सुरू झाली. उन्हाच्या बाजूला ओलं गवत आणि दगड, सावलीच्या बाजूला अजून जुना, मळका बर्फ. एका घळीत तर वाटच बर्फाखाली गेली होती. त्यांनी काठीने ठोकून पाहिलं, टाचेने खाचा पाडल्या आणि तिला हाताला धरून पलीकडे नेलं. सकाळच्या थंडीत बर्फ दगडासारखा घट्ट होता.

माथ्यावर वारा झोंबत होता. खडकाच्या आडोशाला बसून त्यांनी पोळीभाजी खाल्ली. त्यांनी सवयीने मुलासाठी एक घास बाजूला काढला, मग गुपचूप तोही खाऊन टाकला. ते पाहून तिचा धीर सुटत चालला होता, पण आता नाही तर कधीच नाही, असं वाटून तिने बोलून टाकलं.

"बाबा, मी लग्न करायचं म्हणतेय."

ते चावता चावता थांबले. "कोणाशी?"

"शाळेत गणित शिकवतात. दुकानात चष्म्यासाठी आले होते. त्यांची बायकोही वारलीये."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. नीट बसलं नाही म्हणून पुन्हा लावलं.

"चल, उतरू या. ढग येताहेत."

एवढंच. उतरताना ते पुढे आणि ती मागे. ती त्यांच्या पाठीकडे बघत चालली होती. एकदा तिने "बाबा, रागावलात का?" असं विचारलंही, पण वाऱ्यात त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल.

घळीपाशी येईपर्यंत बर्फावर ऊन येऊन गेलं होतं. त्यांनी काठी टेकवली, पण सकाळसारखी ठोकून पाहिली नाही. सकाळच्याच खाचांत पाय टाकत ते निघाले. मधोमध गेले आणि पायाखालचा बर्फ आवाजसुद्धा न करता खचला. खालून वितळलेलं पाणी वाहत होतं; वर नुसतं पापुद्र्यासारखं छप्पर उरलेलं.

ती पोटावर सरपटत कडेपर्यंत गेली. ते कमरेपर्यंत पाण्यात उभे होते. एक पाय दोन दगडांत अडकून वाकडा झालेला. तिने ओढणी टाकली, काखेत हात घालून ओढलं. ते कळवळले. पुन्हा ओढलं. अंगात होता नव्हता तेवढा जोर लावला. पाय जागचा हलला नाही. फोनला रेंज नव्हती.

"पुरे," ते म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. "खाली जा, माणसं घेऊन ये."

"तुम्हाला टाकून कशी जाऊ?"

"बसून काय करशील? दोघं गोठू."

तिने आपलं जाकीट त्यांच्या खांद्यावर गुंडाळलं. निघणार तोच ते म्हणाले, "मास्तरांना मुलं आहेत?"

"एक मुलगी. लहान आहे."

"तिला लगेच आई म्हणायला लावू नको. तिचं तिला सुचू दे."

"बाबा..."

"पळ आता."

ती पळाली. पडली, गुडघा फुटला, पुन्हा उठून पळाली. चौकीचं कुलूप तसंच होतं. मोसम सुरू व्हायचा होता, माणूस आला नव्हता. मग थेट सडक गाठावी लागली. एका दुधाच्या टेंपोवाल्याने गाडी थांबवून फोन केला. बचाव पथक दोर घेऊन वर पोचलं तेव्हा उतरती उन्हं पलीकडच्या डोंगरावर होती. किल्लीवाले तसेच उभे होते, मान जाकिटात घातलेली. पथकातल्या एकाने त्यांच्या गळ्याला हात लावून पाहिला आणि तिच्याकडे न बघता दोर बांधायला घेतला.

कार्य उरकल्यावर, पाहुणे पांगल्यावर, सासूबाईंनी तिला समोर बसवलं.

"ते असे चुकणारे नव्हते. वर काय झालं?"

तिने सगळं सांगितलं. लग्नाचं सांगितलं, डब्याचं झाकण सांगितलं, त्या मुलीबद्दल ते काय बोलले तेही सांगितलं. एकही शब्द पदरचा घातला नाही.



"पहिलं खरं आहे," सासूबाई म्हणाल्या. "शेवटचं तू तुझ्या सोयीनं जोडलंस."

"आई, शपथ घेते."

"नको घेऊ. त्यांच्या मनात काय घोळत होतं ते मला कळतं. त्या घोरातच पाय चुकला."

त्यांनी काठी का ठोकली नाही हे तीही रोज स्वतःला विचारत होती.

त्यानंतर दोघी एकाच स्वयंपाकघरात वावरल्या. भांडण असं कधी झालं नाही. सासूबाई तिच्यासाठी चहा ठेवायच्या, ती त्यांची औषधं आणायची. कानशी, किल्ल्यांचे जुडगे, सगळं दुकान दुसऱ्या कारागिराला दिलं गेलं. पावसाळा सरल्यावर तिने मास्तरांशी नोंदणी लग्न केलं. सासूबाई आल्या नाहीत.

सामान न्यायला ती आली त्या दुपारी सासूबाई खिडकीपाशी मटार सोलत होत्या. ती वाकून पाया पडली. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, डोक्यावर हातही ठेवला नाही.

"येत जाईन मी," ती म्हणाली.

"जाताना दार नीट ओढून घे," सासूबाई म्हणाल्या, आणि पुढची शेंग सोलायला घेतली.