दसऱ्याला घासलेली नळी

सिहोऱ्याजवळच्या पुंडलिकरावांच्या राईस मिलमध्ये बेबीबाईला बसायला स्टूल मिळालं, तेव्हा बरोबरच्या बायांना दोन दिवस दुसरा विषय नव्हता. बावीस वर्षं ही बाई मिलच्या पटांगणात वाफवलेलं धान पायांनी फिरवत आली होती, भर उन्हात, अनवाणी. धान वाळलं की नाही हे ती दाताखाली एक दाणा धरून सांगायची, आणि तिचं चुकल्याचं कोणाला आठवत नव्हतं. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन बारा-तेरा वर्षं झाली, इकडच्या मिलांमध्ये एकामागून एक ड्रायर आले, तसा पुंडलिकरावांनीही आणला. ड्रायरसोबत भिंतीवर एक वीतभर रुंदीचा यंत्राचा डबा लागला. पुढे दोन आकडे, एक हिरवा, एक लाल. त्याचं खरं नाव कंट्रोलर, पण मिलमध्ये सगळे त्याला डब्बाच म्हणत.

तो बसवायला भंडाऱ्याहून तेजस्विनी आली होती. पंचविशीतली, विणकरांच्या घरची पोर, बोलायला मोकळी. आल्या आल्या तिनं विचारलं, धान वाळलं हे इथं कोण सांगतं? सगळ्यांनी बेबीबाईकडं बोट दाखवलं. मग शिकणार तीच, असं ती म्हणाली. पुंडलिकरावांच्या मनात आपला भाचा होता, पण आलेल्या इंजिनियरशी वाद कोण घालणार? त्यांनी स्टूल आणवलं.

तेजस्विनीनं समजावलं ते बेबीबाईला सहज कळलं. हिरवा आकडा म्हणजे आपल्याला हवी ती गरमी, ऐंशी. लाल आकडा म्हणजे ड्रायरमध्ये शिरणाऱ्या हवेची खरी गरमी. ती सांगते एक तार. हवेच्या मोठ्या पाइपात हातभर आत गेलेल्या पितळी नळीत ती तार बसवलेली होती. दोन आकड्यांत फरक पडला की डब्बा आपणहून हवा तापवणाऱ्या वाफेचा व्हॉल्व्ह कमीजास्त करतो, आणि व्हॉल्व्ह किती उघडा आहे ते त्याच्यावरचा काटा दाखवतो. पण किती उघडायचा, हे डब्बा कसं ठरवतो? तो तीन गोष्टी बघतो, असं तेजस्विनी म्हणाली. गरमी किती कमी पडते आहे, केव्हापासून कमी पडते आहे, आणि आत्ता ती किती वेगानं बदलते आहे.

बेबीबाई बराच वेळ त्या डब्याकडं बघत राहिली. चुलीवर भात असला की तीही हेच करत होती. उकळी चढायच्या आधीच लाकूड मागं ओढायची, भांडं उतू जायची वाट बघत नव्हती. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, आणि इथं कोणी तेच एका डब्याला शिकवून ठेवलं होतं. तिला मनापासून कौतुक वाटलं.

"हा ज्यानं बनवला ना बाई," ती म्हणाली, "तो चुलीपाशी बसलेला हाय."

तेव्हापासून तिचा त्या डब्यावर जीव जडला. रोज पदरानं पुसायची. बॉयलरवरचा गोमाजी चिडवायचा, म्हणायचा नवऱ्याले नाही विचारत एवढं डब्ब्याले विचारते. ती त्याच्याकडं लक्ष देत नव्हती. ऐंशीला लाल आकडा एकदा टेकला की काटा चाळिसाच्या आसपास हळूहळू डुलत राहायचा, आणि तो बघताना तिला बरं वाटायचं.

दसरा आला. उन्हाळी धानाचा शेवटचा माल चालू होता, तो एक दिवस थांबवून यंत्रांची पूजा झाली. बेबीबाईनं डब्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मग तिची नजर त्या पितळी नळीवर गेली. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडारा जिल्ह्यातली बाई, आणि सणाच्या दिवशी पितळ काळं ठेवणार? तिनं नळी धरून ठेवणारी चकती सैल केली, नळी बाहेर ओढली, चिंच लावून घासली. नळी नव्या लोट्यासारखी झाली. पुन्हा आत सरकवून तिनं चकती आवळली आणि समाधानानं नमस्कार केला.

तिसऱ्या दिवशी तांदूळ फुटायला लागला. पोत्यात हात घातला तर निम्मी कनकी, नुसता तुकडा. धान जास्त तापलं की असं होतं. पुंडलिकराव डोक्याला हात लावून बसले. डब्यावर लाल आकडा ऐंशीच होता, म्हणजे डब्बा खोटा, असा त्यांनी निकाल लावला. भंडाऱ्याला फोन केला की येऊन तुमचा डब्बा काढून घेऊन जा, आम्ही आपला हातानं व्हॉल्व्ह फिरवू. डब्बा गेला की स्टूल जाणार आणि आपण पुन्हा पटांगणात, हे बेबीबाईला कोणी सांगायची गरज नव्हती.

पण डब्बा खोटं बोलतो हे तिला पटेना. ती स्टुलावर बसून काट्याकडं बघत राहिली. काटा पासष्टावर होता. नेहमी चाळिसावर असणारा काटा पासष्टावर कायले? बॉयलरची वाफ कमी पडली असेल म्हणून तिनं गोमाजीला विचारलं. वाफ रोजच्याइतकीच होती. धानही तेच. मग रोजच्याच ऐंशीसाठी डब्ब्याला इतकी जास्त वाफ का सोडावी लागते? ती उठली आणि हवेच्या पाइपावर तळहात ठेवला. रोज ती पाचपर्यंत मोजायची तेवढा वेळ हात टिकायचा. आज दोनालाच काढावा लागला.

हवा जास्त गरम आहे आणि डब्ब्याला कोणी तरी सांगतंय की ती ऐंशीच आहे. सांगणारी एकच होती. बेबीबाईनं नळीकडं बघितलं. जितकी बाहेर दिसत होती तितकी ती आधी कधीच बाहेर नव्हती. पितळाची झळाळी चार बोटं जास्त दिसत होती. म्हणजे आतलं टोक पाइपाच्या मधल्या गरम हवेपर्यंत पोचतच नव्हतं.

गप्प राहिली असती तर दोष डब्ब्यावर गेला असता. तिला कोणी बोललं नसतं. पटांगण तर ओळखीचंच होतं. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं, आणि तेजस्विनीची गाडी फाटकातून आत येईपर्यंत ती तिथंच उभी राहिली.

पुंडलिकराव तेजस्विनीवर तोंडसुख घ्यायला लागले तेवढ्यात बेबीबाई मधे आली.

"मालक, डब्ब्याची चूक नाही जी. मी दसऱ्याले नळी काढून चिंचेनं घासली. पुरी आत नाही गेली ते. चूक माही हाय."

तेजस्विनीनं चकती सैल केली आणि नळी खोल सरकवली. लाल आकडा चढायला लागला. पंच्याऐंशी, नव्वद, सत्त्याण्णव. आणि मग कोणी हात न लावता व्हॉल्व्हचा काटा खाली यायला लागला. साठ, पन्नास. आकडा खाली वळला तसा काट्याचा वेगही आपोआप मंदावला. गोमाजीसुद्धा भुशाचं टोपलं खाली ठेवून बघत होता. चाळिसाच्या थोडं खाली जाऊन काटा परत वर आला आणि तिथं डुलत राहिला. ऐंशी.

तेजस्विनीनं विचारलं, मावशी, नळी चुकल्याचं तुम्हाला समजलं कशावरून? बेबीबाईनं पासष्ट आणि चाळीस सांगितलं, हात टिकला नाही तेही सांगितलं. तेजस्विनी म्हणाली, काट्यावरून असं ओळखायचं हे तर मी शिकवलंच नव्हतं.

पुंडलिकरावांचा राग अजून पुरता गेला नव्हता. सगळा फुटलेला माल डोळ्यांसमोर होता.

"तू बोलली नसती तं कोणाले समजलं असतं?" त्यांनी विचारलं.

"डब्ब्याले समजलं होतं जी," बेबीबाई म्हणाली. "काटा तीन दिवसापासून सांगूनच राहिला होता. मीच आकडा पाहत बसली."

पुंडलिकरावांनी वाकून ती चकचकीत नळी पुरती आत गेली का ते बघितलं. मग तेजस्विनीला म्हणाले, दिवाळीनंतर दुसरा ड्रायर लावायचा आहे, त्याचा डब्बाही हिलाच शिकवून जा. आणि जाता जाता गोमाजीला त्यांनी बजावलं, स्टुलाचा एक पाय हलतो, तो आजच ठोकून घे.