कोरा खेळाडू

देवमनने विहिरीकडे नेलेला पडद्यावरचा माणूस पुन्हा भिंतीला जाऊन भिडला आणि जागच्या जागी पाय हलवत राहिला. देवमनने माऊस उचलून उलटा करून पाहिला, धोतराच्या सोग्याने पुसावा तसा शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत टेबलावर ठेवला. मागे खुर्चीवर बसलेल्या नीलमने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. हात मोकळे राहिले की ते आपोआप पडद्याकडे बोट दाखवायला धावतात, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

"आता कोठी जाऊ?" देवमनने मागे न पाहता विचारलं.

बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, नुसतं पाहायचं, हा तिच्या कामाचा पहिला नियम होता. पडद्यावरचा माणूस भिंतीपासून सुटला, चार पावलं तिरका चालला आणि गुरांच्या हौदात पडला. नदीकाठी नाव लावून बसलेला नावाडी हसला. नवा माणूस हौदात पडला की त्याने हसावं, हे नीलमनेच लिहिलं होतं.

"माफ करजो भाऊ, चुकलो," देवमन त्या नावाड्याला म्हणाला.

"छान, बाबा," नीलम मागून म्हणाली. "हेच पायजे होतं मले."

देवमनने मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर शाबासकी मिळाल्याचं हसू होतं.

अकोल्यातल्या कौलखेडच्या त्या घरात उन्हाळ्याच्या दुपारी खिडक्या घट्ट बंद असत. कूलरची घरघर आणि लॅपटॉपचा निळसर उजेड, एवढंच काय ते त्या खोलीत हलत असे. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली दोन वर्षांपूर्वी लागलेला पंचफुलाचा फोटो. बायको गेल्यापासून देवमनचं बोलणं आटलं होतं. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून अकोल्याच्या स्टँडवर आयुष्यभर माइकवरून बोललेला माणूस तो. पण आता फोनवर 'हो', 'नाई', 'जेवलो' याच्या पुढे त्याची गाडी सरकत नसे. त्यामुळे हे रविवार नीलमला बरे वाटत. ती सकाळच्या गाडीने अमरावतीहून यायची, लॅपटॉप मांडायची, आणि दुपारभर तिचा बाप निदान नावाड्याशी तरी बोलायचा.

नीलम अमरावतीला कठोरा नाक्याजवळ एकटी राहायची आणि पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरूनच करायची. कंपनी एक ऑनलाइन खेळ बनवत होती. हजारो लोक एकाच वेळी त्यात उतरणार, कुणी लोहार होणार, कुणी वैदू, कुणी सैनिक, आणि सगळे मिळून एका मोठ्या नगरीत नांदणार. त्या नगरीच्या वेशीबाहेर एक छोटं गाव होतं. नवा माणूस नावेतून पहिल्यांदा तिथे उतरायचा. ते गाव नीलमकडे होतं. चालायचं कसं, वस्तू उचलायची कशी, कुणाशी बोलायचं कसं, हे त्याला तिथे उमगावं, पण शाळेत बसवल्यासारखं वाटू नये. अडचण अशी होती की अर्ध्याहून जास्त लोक वेशीपर्यंत पोचायच्या आधीच खेळ बंद करून निघून जात होते.

कंपनीतल्या बहुतेकांचं म्हणणं होतं की प्रत्येक पावलाला बाण दाखवा. नीलमला ते पटत नव्हतं. घरी आलेल्या माणसाला कुणी बाण दाखवत नाही, ती म्हणायची. त्याला बसवतात, पाणी देतात, मग तो आपला आपण घर पाहतो. तिचा वरिष्ठ धर्मेंद्र शांतपणे ऐकून घ्यायचा. त्याने तिला मुदत दिली होती. कोऱ्या माणसांवर हे सिद्ध करून दाखव, नाहीतर बाण लावू. कोरा म्हणजे जन्मात असा खेळ न खेळलेला. असे लोक मिळणं मुश्कील, आणि मिळाले तरी एकदाच उपयोगाचे. दुसऱ्यांदा बसलेला माणूस कोरा राहत नाही.

म्हणून तिने बापाला बसवलं होतं. पहिल्या रविवारी तो विहिरीपाशीच अडकला. नीलमने अमरावतीला जाऊन विहीर नावेच्या जवळ आणली. पुढच्या रविवारी तो पुन्हा अडकला. तिने भिंत काढली, विहिरीवरच्या घागरीवर ऊन पाडलं, नावाड्याचं बोलणं साधं केलं. शेजारपाजारची पोरं, त्यांच्या आया, इस्त्रीवाला, सगळे आता सहज वेशीपर्यंत पोचू लागले होते. देवमन मात्र रविवारमागून रविवार त्याच गावात चाचपडत होता.

तो पडद्याशी बोलायचा, ते सगळं आवाजासकट साठवलं जायचं. पुण्याच्या लोकांना ती ध्वनिचित्रफीत फार आवडायची. नावेतून उतरताच देवमन हात जोडायचा, "जयभीम" म्हणायचा, मी देवमन, एसटीत होतो, अशी स्वतःची ओळख द्यायचा आणि परतीची नाव किती वाजता आहे ते विचारायचा. एका बैठकीत धर्मेंद्रने तो तुकडा सगळ्यांना लावून दाखवला. सगळे मनापासून हसले. नीलमही हसली. नंतर धर्मेंद्र म्हणाला, "तुझे बाबा सोनं आहेत. पण एक सांग, किती वेळा बसवलंस त्यांना? आता कोरे कसे राहिले ते?"

त्यांनी कधी कॉम्प्युटरला हात लावलेला नाही, त्यांना वेळ लागतो, असं काहीतरी नीलम बोलली आणि विषय पुढे गेला.

त्याच आठवड्यात, कुठला बदल कुठे लागू पडला हे पाहण्यासाठी, तिने देवमनच्या सगळ्या रविवारांच्या फिती एकाच पडद्यावर शेजारी शेजारी लावल्या आणि एकदम सुरू केल्या. नावा एकदम काठाला लागल्या. जयभीम, जयभीम, जयभीम. सगळीकडे तोच सूर, तेवढंच अदबीने थांबणं. परतीची नाव किती वाजता. मग तो डावीकडे वळला, सगळीकडे डावीकडेच. गावातल्या एका घराच्या कौलांवर नीलमने एक मोर बसवला होता, उगाच, शोभेला. त्याच्याखाली आल्यावर देवमनचा आवाज खुलला. "अरे, मोर," तो म्हणाला. पहिल्या रविवारी म्हणाला, तसाच पाचव्या रविवारी. मोर दिसेल याची वाट पाहणारा आवाज नव्हता तो. मोर अचानक दिसलेल्या माणसाचा होता.

नीलमने आवाज बंद केला. पडद्यावर तिचा बाप पाच ठिकाणी एकाच वेळी विहीर शोधत फिरत राहिला.

मग एकेक गोष्ट आपली आपण पुढे येऊन उभी राहिली. समोरच्या पार्बताबाईने मागे सांगितलं होतं की देवमनभाऊ सकाळी दूध घेऊन जातात आणि थोड्या वेळाने पुन्हा दूध घ्यायला येतात. एकटा माणूस, बोलायला निमित्त काढत असेल, असं नीलमने तिला उत्तर दिलं होतं. गॅसवरचं करपलेलं भांडं तिने स्वतः घासलं होतं. आणि रविवारमागून रविवार तिने बापाची चूक पाहिली, ती नीट टिपून घेतली, आणि दर वेळी दुरुस्ती गावात केली.

दुसऱ्या दिवशी, आडवारी, ती अकोल्याला गेली. लॅपटॉप नेला नाही.

देवमन दारातल्या खुर्चीवर बसला होता. तिला पाहून तो उठला, तिच्या खांद्यावरची पिशवी घेतली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"आज रविवार हाये काय?"

"नाई, बाबा. अशीच आली."

त्याने पिशवी चाचपली, तिचा हलकेपणा त्याच्या हाताला कळला. तो परत खुर्चीवर बसला, पाहुण्यासमोर बसावं तसा गुडघ्यांवर हात ठेवून. नीलमने माठातलं पाणी आणलं. त्याला दिलं, स्वतः प्यायली.

"बाबा, आपल्या खेळात घरावर काय बसलेलं हाये, आठवते?"

देवमनने बराच वेळ अंगणाकडे पाहिलं. बाहेर उन्हाने माती पांढरी पडली होती.

"नाई आठवत," तो म्हणाला. मग म्हणाला, "तू दरवेळी म्हनतेस, मांगच्या वेळी असं केलं होतं. मले मांगची वेळ दिसत नाई. मंग मी समजून घेतो, आलो असन मी तवा बी."

"कधीपासून?"

"तुही आई होती तवाच सुरू झालं होतं थोडं थोडं. तीच सांभाळून घेत होती सारं. कोनाले समजू नाई दिलं तिनं."

नीलमला ते ठाऊक नव्हतं. आई फोनवर मध्येच बापाच्या हातून फोन काढून घ्यायची, त्याच्या वतीने बोलायची, आणि नीलमला तो आईचा स्वभाव वाटायचा.

"मले काहून नाई सांगलं तुमी?"

देवमनने ग्लास पालथा घातला आणि त्याच्या बुडावरून अंगठा फिरवत राहिला.

"सांगलं असतं त तू आलीच असती. पन खेळ घेऊन नसती आली. दुकानात चुकलो, लोक तोंडाकडं पायतात. बँकेत चुकलो, तो पोरगा आवाज चढवते. तुह्यासमोर चुकलो का तू खूश व्हायची. छान म्हनायची. मले वाटे, चला, माह्यं इसरनं कोनाच्या तरी कामाचं हाये."

कूलरमधलं पाणी संपलं होतं. त्यातला पंखा कोरड्याच आवाजाने फिरत होता. नीलम उठली आणि बादली घेऊन मागच्या नळावर गेली. बादली भरून वाहू लागली तरी ती तिथेच उभी होती.

अमरावतीच्या डॉक्टरांनी आजाराचं जे नाव सांगितलं ते तिने आधीच मनाशी धरलेलं होतं. औषधाने वेग थोडा कमी होईल, गेलेलं परत येणार नाही, असं ते म्हणाले. देवमनने ते सारं अदबीने ऐकलं आणि उठताना डॉक्टरांना जयभीम घातला. अकोल्याच्या घराला कुलूप लागलं. किल्ली पार्बताबाईकडे राहिली. कपडे, तसबीर आणि पंचफुलाचा फोटो एवढं घेऊन तो लेकीकडे आला.

नीलमने धर्मेंद्रला कळवलं की बाबांची एकही फीत हिशोबात धरू नये. कारणही सांगितलं. मग धर्मेंद्र म्हणाला की त्या बैठकीत आपण हसायला नको होतं. नीलम म्हणाली, तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं, हे ती बोलली नाही. तिने एक सुचवून पाहिलं. माणूस पुन्हा केव्हाही खेळात आला, तर नावाड्याने त्याला नावाने हाक मारावी, तू कोण, कुठवर आला होतास, ते दोन वाक्यांत सांगावं, न विचारता. धर्मेंद्रने ते वरच्या लोकांपुढे ठेवलं. रोजच्या खेळाडूंना त्याचा कंटाळा येईल, असं ठरलं. मुदत संपली होती. गावात शेवटी बाण लागले, सुरुवात छोटी झाली, मोराचं घर जागा खात होतं म्हणून तेही काढलं. नीलमने कशालाच हरकत घेतली नाही. लोक आता बाणांमागून धावत वेशीपर्यंत पोचत होते, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

अमरावतीच्या घरात देवमन अवघडून राहायचा. स्वयंपाकघराचं दार समजून कपाट उघडायचा आणि आतल्या कपड्यांकडे पाहत थांबायचा. पहिले काही दिवस नीलम मागून पाहत राहायची. त्याचं त्याला सापडतं का, किती वेळात सापडतं, ते पाहायची. ही आपली कामाची सवय आहे हे एका दुपारी तिच्या ध्यानात आलं. त्या दिवशी तो न्हाणीघर शोधत दोनदा तिच्यासमोरून गेला होता, आणि ती नुसती पाहत बसली होती.

एका सकाळी ती बाहेरच्या खोलीत कामाला बसली होती, तेव्हा देवमन झोपेतून उठून आला आणि चौकटीला हात धरून उभा राहिला. त्याने खोली पाहिली. पंखा पाहिला, खिडकीबाहेरची पाण्याची टाकी पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं. तोंडावर हसू आणलं होतं, कुणाच्या तरी घरी आपण आलो आहोत आणि घरातल्यांना वाईट वाटू नये म्हणून आणतात तसं.

नीलमने लॅपटॉप मिटला आणि उठून त्याच्याजवळ गेली.

"बाबा, हे माह्यं घर हाये, अमरावतीचं. तुमी आता अठीच राहाता, माह्यापाशी. मी नीलम. आई दोन वर्षं झाली, गेली. न्हाणी तिकडं हाये, उजव्या हाताले. तोंड धुवा, मी चहा टाकतो."

देवमन तोंड धुऊन आला, खुर्चीवर बसला. तिने चहा पुढे ठेवला. त्याने बशीत ओतून अर्धा संपवला, खाली रस्त्यावरून जाणाऱ्या शाळेच्या गाडीकडे मान वाकडी करून पाहिलं, मग म्हणाला,

"तू नीलम हायेस हे माहीत होतं मले."

"हो, बाबा."

त्याने बशी खाली ठेवली. तिच्या काठावरचा थेंब बोटाने पुसला.

"पन उद्या बी सांगजो."